अडतिसावे चित्र

१

शनिवार, १७ ऑगस्ट १९५७. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. भिंतीवरची चित्रे : अडतीस.

आदल्या संध्याकाळी जासिंतो आव्हिला यांनी हीच भिंत स्वतः मोजली होती, विम्याच्या कागदावर सही केली होती आणि सभागृहाला कुलूप लागलेले डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा चित्रे सदतीस होती. आव्हिला यांचे उभे आयुष्य जहाजांच्या विम्याची तपासणी करण्यात गेलेले. माल कमी भरल्याची तक्रार त्यांनी असंख्य वेळा ऐकली होती. माल वाढल्याची तक्रार अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच समोर येत होती.

"तिओ, माझ्याकडे असं बघू नका," चौकटी बनवणारा जेफेरिनो फुर्तादो म्हणाला. साठीला टेकलेला हा माणूस आव्हिलांना लहानपणापासून काकाच म्हणत आलेला. "मी झोपेत उठून खिळे ठोकत नाही. आणि ठोकलाच तर इतका वाकडा ठोकणार नाही."

खिळा खरोखरच वाकडा होता. दाराशेजारी, प्रदर्शनातल्या पहिल्या चित्राच्या अगदी बाजूला, तेच चित्र दुसऱ्यांदा टांगलेले होते. 'मिठाची वखार'. तेच छप्पर, तोच धक्का, तेच एका डोलकाठीचे गलबत. रंग मात्र वेगळे. पहिल्यातले आकाश निळे, या दुसऱ्यातले पिवळट राखी. त्यात नवल नव्हते. या प्रॉव्हिन्सटाउन गावची छापचित्रे अशीच असतात. एकच फळी घ्यायची, प्रत्येक आकाराभोवती सुरीने खाच पाडायची. कागद फळीच्या एका काठाला टाचण्यांनी पक्का करायचा. मग एका आकाराला ओला रंग द्यायचा, कागद त्यावर पाडून चमच्याच्या पाठीने घासायचा, उचलायचा आणि पुढचा आकार घ्यायचा. खाचेत रंग उतरत नाही, म्हणून कागदावर तिथे पांढरी रेघ उरते. फळी तीच असली तरी रंग दर वेळी नवे.

पहिल्या चित्राखाली लव्हिनिया क्रॉवेल यांची सही होती. गावातल्या सर्वांत नावाजलेल्या आणि सर्वांत कमी आवडत्या छापचित्रकार बाईंची. फळी १९१६ची, हा छाप १९४८चा, असे खाली लिहिलेले. दुसऱ्याखाली पेन्सिलीने लिहिले होते : 'वेंडेल थॅचर, १९१६'.

"माझ्या भावाची सही!"

दारात मर्सी थॅचर उभ्या होत्या. छापकार मंडळाच्या अध्यक्षा, वय चौसष्ट, अंगावर उन्हाळ्यातही काळे कपडे. त्यांनी चष्मा लावला, सही बोटभर अंतरावरून पाहिली आणि डोळे मिटले. "चाळीस वर्षं मी हेच सांगत होते. ही बाई वेंडेलच्या फळीवर मोठी झाली. तो लढाईत मेला आणि हिनं त्याचं चित्र खाल्लं."

"बाई, आधी जरा—" आव्हिला म्हणाले.

"आधी काही नाही. चार वाजता सभा बोलावते. प्रदर्शन बंद, सभासदत्व रद्द. बॉस्टनच्या मिस ऑर्डवे सगळा संच संग्रहालयासाठी घ्यायला आल्यात ना? त्यांनाही बसवा पहिल्या रांगेत."

तेवढ्यात लव्हिनिया क्रॉवेल आत आल्या. एकाहत्तर वर्षांची ताठ म्हातारी, हातात माशांची पिशवी. या बाईंनी चाळीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाला टोमण्यावाचून सोडले नव्हते. त्यांनी उपरे चित्र पाहिले. सहीकडे नव्हे, त्यांची नजर वर, आकाशाकडे गेली आणि तिथेच थांबली.

फुर्तादोने हातोडीचे मागचे टोक पुढे केले. "काढू का, मिस क्रॉवेल?"

"नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "राहू दे."

आणि भांडण न करता, मागे न पाहता त्या निघून गेल्या. आव्हिलांना चोरी, खोटेपणा, दावे या कशाचेच विशेष वाटले नव्हते. या शांततेचे मात्र वाटले.

२

सभागृहाच्या किल्ल्या तीन. एक मर्सीबाईंकडे, एक फुर्तादोकडे, एक मंडळाचे चिटणीस गॉर्डन पेल यांच्याकडे. कुलूप शाबूत होते. तेव्हा प्रश्न तिघांचाच होता. आव्हिलांनी विम्याच्या कामाचा अधिकार सांगून चार वाजेपर्यंतचा वेळ मागून घेतला.

त्यांनी चित्र चौकटीतून सोडवले आणि उजेडाला धरले. कागद जुना, जाड, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या समासांत दोन-दोन बोटे मोकळी जागा. खालचा समास मात्र सहीच्या अगदी लगत कापलेला. त्यांनी बोटाचे पेर काठांवरून फिरवले. बोटीच्या तळाची फट ते असेच शोधत. कागदाला कुठेही भोक नव्हते.

चित्र उचलून ते मर्सीबाईंच्या घरी गेले. बाईंनी चहा विचारला नाही.

"तुमच्या भावाची छापचित्रं आहेत घरात?"

"तीन. त्याहून जास्त करायला ते युद्ध थांबलं नाही." भिंतीवरची तिन्ही चित्रे त्यांनी दाखवली. आव्हिलांनी जवळ जाऊन पाहिले. तिन्हींच्या वरच्या समासात टाचण्यांची बारीक भोके होती, जशी गावातल्या कुणाच्याही छापात असतात.

"खालचा काठ कापायची त्यांना सवय होती?"

"वेंडेलला? तो कागदाचा तुकडासुद्धा टाकत नसे. काय हो, तुम्ही चौकशी कुणाची करताय? मेलेल्याची?"

"तुम्ही तेव्हा त्यांच्या कामाच्या खोलीत जात होता?"

"रोज. दोघं एकाच खोलीत काम करत. मी जेवण घेऊन जायची, ती जेवायची." मर्सीबाईंनी ओठ आवळले. "ही वखार पहिल्यांदा छापली तेव्हाही मी होते. ओल्या कागदावर नुसतं आकाशच आकाश. मी विचारलं, एवढं मोकळं कशाला सोडलंय, निदान एखादा पक्षी तरी घाला. तर ही म्हणाली, पक्षी तुझ्या टोपीवर आहेत तेवढे पुरेत."

"म्हणजे तेव्हा चित्र मिस क्रॉवेल यांच्या हातात होतं."

"हातात होतं म्हणून तिचं होतं का? वेंडेलच्या प्रार्थनासभेला आली तेव्हा तिच्या नखांत निळा रंग होता, मिस्टर आव्हिला. माणूस मेला आणि ही सकाळी रंग कालवून आली होती."

"त्यांच्या इतर वस्तू कुठे आहेत? वह्या, रेखाटनं?"

"मिस्टर पेल यांच्याकडे दिल्यात. ते वेंडेलवर पुस्तक लिहितायत. या गावात एक तरी माणूस निघाला." त्या दाराकडे वळल्या. "चार वाजता या. आणि माझ्या भावाला कमी लेखाल तर तुमच्याही नावाचा ठराव आणीन."

रस्त्यावर येऊन आव्हिला थांबले. काखेतले चित्र त्यांनी पुन्हा उघडून पाहिले. मर्सीबाईंनी केलेले आकाशाचे वर्णन आणि हातातले आकाश यांत काहीतरी जुळत नव्हते. पण काय, ते अजून बोटाला लागत नव्हते.

३

गॉर्डन पेल यांची चित्रशाळा जुन्या बर्फाच्या गोदामात होती. अडतीस वर्षांचे पेल नीटनेटके, बोलायला मऊ. आव्हिलांच्या हातातले चित्र पाहताच त्यांनी ते अदबीने टेबलावर ठेवून घेतले.

"मला किल्लीबद्दल विचारा. रात्री ती माझ्या खिशात होती आणि मी घरी होतो. साक्षीदार नाही. एकट्या माणसाला कुठून असणार?"

"हे चित्र तुम्ही याआधी पाहिलं होतं?"

"हा छाप? नाही. पण फळी ओळखतो. सैन्यातून सुटून सेहेचाळीस साली इथं आलो, तेव्हा म्हातारीनं मला तीन हिवाळे शिकवलं. शिकवलं म्हणजे सोललं. जुन्या फळ्यांवर छापायला लावायची आणि संध्याकाळी सगळे कागद शेगडीत."

"मग तुमचं मत?"

पेल यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. "मत नाही, खात्री. हा दोर बघा." त्यांचे बोट आकाशावर गेले. चित्राच्या डाव्या काठातून एक पांढरी रेघ आत शिरत होती, वखारीच्या छपरावरून किंचित झोल घेत उजवीकडे सरकत होती आणि डोलकाठीजवळ येऊन विरत होती. "कुठून येतो ते दिसत नाही. कशाला बांधलाय ते कळत नाही. सगळं चित्र या एका रेघेवर उभं आहे. मिस ऑर्डवे यांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत या दोरावर दोन परिच्छेद लिहिलेत. आता मला सांगा, क्रॉवेलबाईंच्या त्या काळातल्या दुसऱ्या एका तरी चित्रात अशी बाहेरून आत येणारी रेघ आहे? नाही. कारण एकोणीसशे सोळा साली ही रेघ वेंडेल थॅचरनं काढली. बाईंनी ती चाळीस वर्षं आपली म्हणून मिरवली."

"कोळी लोक या दोराला हसतात," आव्हिला म्हणाले. "असा दोर बांधला तर शीड चढणार नाही."

"कोळ्यांनी मासे धरावेत."

"माझे वडील कोळी होते."

"तसा अर्थ नव्हता माझा."

"होता. चालायचंच." आव्हिलांनी चित्र गुंडाळले. "शिकवणी कशी सुटली तुमची?"

पेल यांचा मऊपणा क्षणभर गळाला. "वर्गासमोर माझा कागद वर धरला आणि म्हणाली, याची रेघ मेलेली आहे, कुणीतरी हिला पुरून टाका. आणि दुसऱ्या हातात हाच दोर धरून दाखवला. म्हणाली, जिवंत रेघ अशी असते." ते हसले. "तरी मी तिच्यावर रागावलेलो नाही. इतिहास रागावत नाही, मिस्टर आव्हिला. तो दुरुस्त होतो."

४

"ये. पाय पूस. मर्सीकडून आलास की मासळीबाजारातून? वास दोन्हींचा सारखाच."

धक्क्यावरच्या खोलीत लव्हिनिया क्रॉवेल मासे साफ करत होत्या. दोघे एकाच शाळेत शिकलेले. अहोजाहो करण्याइतके सौजन्य त्यांच्यात कधी नव्हते.

"लव्हिनिया, चार वाजता तुझं कातडं सोलणार आहेत."

"सोलू देत. जुनं आहे, निघायला वेळ लागेल."

"हे चित्र तुझ्याच फळीवरून निघालंय. नाकारतेस?"

"डोळे आहेत मला."

"फळी थॅचरची होती?"

सुरी थांबली. "वेंडेल चांगला मुलगा होता. फळीचं कोरं लाकूडसुद्धा त्याला सरळ धरता येत नसे. मर्सीला हे कुणी सांगायचं? तिच्याकडे त्याच्याशिवाय आहे काय?"

"मग तसं सभेत सांग."

"पुरावा मागतील."

"पुरावा माझ्याकडे थोडा आहे. या कागदाला टाचणीचं भोक नाही."

लव्हिनियाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिले. मग नाकातून हसल्या. "खालचा काठ कापलाय?"

"सहीला चिकटून."

"माझ्या टाचण्या वरच्या काठाला. शिकाऊंच्या खालच्या. घरचा नियमच आहे तो. खालून टाचला की हात अवघडतो, रंग सांडतो, अक्कल येते. आणि कुण्या नालायकाचा कागद उद्या माझ्या नावावर खपत नाही. एवढं करून रोज संध्याकाळी सगळे कागद फाडून शेगडीत घालायला लावते."

"एखाद्यानं न फाडता घरी नेला तर?"

"तर तो शिकला काहीच नाही, फक्त चोरून नेलं."

"नाव घे."

"नावं तू घे. तुला त्याचे पैसे मिळायचे."

आव्हिलांनी खुर्ची पुढे ओढली. "टाचण्यांनी एवढंच ठरतं की हा शिकाऊचा छाप आहे. पेल म्हणेल, काठ दमट होऊन सडला म्हणून थॅचरनंच कापला. मर्सी त्यावर विश्वास ठेवील आणि सभा मर्सीवर. मला फळी दाखव."

"नाही."

"का? तूच कोरलीस ना?"

"मीच कोरली. त्यातली खाच न् खाच मी—"

वाक्य तिथेच तुटले. त्या पुन्हा मासे साफ करू लागल्या. लव्हिनिया क्रॉवेलने वाक्य अर्धे सोडलेले आव्हिलांनी शाळेपासून आजवर ऐकले नव्हते.

"जा आता," त्या म्हणाल्या. "बोलले तर माझ्याकडे काय उरणार आहे?"

५

दुपारी दोन वाजता फुर्तादोच्या स्वयंपाकघरात केल नावाच्या पालेभाजीचे सूप उकळत होते. वर तिखट सॉसेजच्या चकत्या तरंगत होत्या. आव्हिला खुर्चीत बसले आणि चमचा उचलताना त्यांची नजर शेगडीवरच्या भिंतीकडे गेली.

तिथे धुराने काळवंडलेली 'मिठाची वखार' लटकत होती.

"ही कुठली?"

"आईला दिलेली, सतरा सालच्या हिवाळ्यात. तेव्हा बाईंच्या घरी चूल पेटत नसे. आई सूप पाठवायची, बाईंनी चित्र पाठवलं. आई म्हणाली, भांडं परत पाठवलं असतं तर बरं झालं असतं." फुर्तादो हसला. "सूप घ्या, निवतंय."

आव्हिला उठून चित्राजवळ गेले. काजळीखालून आकाश दिसत होते. मोकळे. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत एकही रेघ नाही. मर्सीबाईंना सलले होते ते नेमके हेच रिकामे आकाश.

"जेफेरिनो, दोर कुठे आहे?"

फुर्तादोचा चमचा ताटलीवर टेकला. "तिओ, मला शपथ घातलीय."

"तू बोलू नकोस. मी बोलतो. माझं चुकलं तर मला अडव." आव्हिलांनी सोबत आणलेले चित्र टेबलावर पसरले. "ही रेघ डाव्या काठाशी जाड आहे आणि डोलकाठीकडे जाता जाता बारीक होते. सुरीची खाच अशी होत नाही. बाकीच्या खाचा बघ, सगळ्या एका रुंदीच्या. ही रेघ आडवी जाते, लाकडाच्या शिरांबरोबर. रंगात शिरांचे ठसे उमटलेत, त्यांच्याशी ही कुठेच काटकोन करत नाही. आणि ही फळीच्या काठापासून सुरू होते. मी आयुष्यभर बोटींच्या फळ्या तपासल्या. टोकाकडून आत शिरणारी, शिरेबरोबर धावणारी आणि पुढे विरणारी रेघ माणूस काढत नाही."

फुर्तादो सूप पीत राहिला. त्याने अडवले नाही.

"ती चीर आहे."

"चव्वेचाळीसचं वादळ," फुर्तादो अखेर म्हणाला. "बाईंच्या खोलीत कमरेइतकं पाणी. फळ्या मीच बाहेर काढल्या, शेगडीजवळ लावल्या. सकाळी या एकीला चीर. मी म्हटलं, भरून देतो, कळणारसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, थांब. एक छाप काढला आणि खुर्चीत बसल्या. अर्धा तास तो छापच बघत होत्या. मग म्हणाल्या, जेफेरिनो, हा दोर आहे. आणि हे तू कुणाला सांगणार नाहीस."

पांढऱ्या रेघांच्या चित्रात एक पांढरी रेघ वाढली होती. कुणाच्या लक्षात येणार? पुढच्या वर्षापासूनच्या छापांना नाव मिळाले, बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत दोराची स्तुती आली. बाईंनी ती ऐकून घेतली, वर्गात शिकवली, आणि लव्हिनिया क्रॉवेलची सर्वांत प्रसिद्ध रेघ ही तिच्या हाताची नव्हे, हे सांगायची वेळ निघून गेली.

आता सकाळची शांतता आव्हिलांना कळली. लव्हिनियाने पहिल्या नजरेतच ओळखले होते : १९१६ची तारीख आणि आकाशात दोर, हे चित्र खोटे. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. तेच वाक्य तिला बोलायचे नव्हते.

"तिला निरोप दे," ते म्हणाले. "चार वाजता मी टाचण्यांबद्दल बोलेन. दोराबद्दल बोलणार नाही. ते तिचं तिनं बघावं."

६

सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत बॉस्टनच्या मिस ऑर्डवे पुस्तिका मांडीवर ठेवून बसल्या होत्या. लव्हिनियाबाईंची खुर्ची रिकामी होती.

मर्सीबाईंनी ठराव वाचला. आव्हिला उभे राहिले आणि टाचण्यांची हकीकत त्यांनी सांगितली : भोके नाहीत, म्हणजे ती कापलेल्या काठात होती, काठ खालचा, म्हणजे छाप क्रॉवेलबाईंच्या शिकाऊचा. "किल्ली असलेल्या तिघांत त्यांचा शिकाऊ एकच."

सगळ्या माना पेल यांच्याकडे वळल्या. पेल शांतपणे उठले. "चाळीस वर्षांत कागदाचा काठ खराब होतो, कापला जातो. वेंडेल थॅचर खालून टाचत नव्हते, याला पुरावा तीन चित्रांचा! चौथं त्यांनी खालून टाचलं असेल. मिस्टर आव्हिला, फुटक्या बोटींपेक्षा हे थोडं नाजूक काम आहे."

काहीजण हसले. "शाबास," मर्सीबाई म्हणाल्या. "मत घ्या."

"थांबा."

दारात लव्हिनिया क्रॉवेल उभ्या होत्या. काखेत कामाच्या फडक्यात गुंडाळलेली फळी, मागे काजळलेले चित्र घेतलेला फुर्तादो. त्या सरळ मिस ऑर्डवे यांच्यासमोर गेल्या, फळी उघडून टेबलावर आदळली.

"बोट फिरवा. इथं, आकाशात."

मिस ऑर्डवे यांनी बोट फिरवले.

"ही खाच नाही, चीर आहे. चव्वेचाळीस साली पडली. जेफेरिनोच्या घरचा हा सतरा सालचा छाप, यात ती नाही. सोळा साली दोर नव्हता. दोर कधीच नव्हता. मर्सी, चष्मा लाव आणि तुझ्या भावाच्या चित्रात बघ. सही सोडून एकदा चित्रही बघ."

मर्सीबाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि उपऱ्या चित्रातले आकाश एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाहिले.

"मोकळं होतं," त्या पुटपुटल्या. "मीच विचारलं होतं, पक्षी का नाही." मग त्या पेल यांच्याकडे वळल्या. "सहीसाठी तुम्ही वेंडेलच्या वह्या नेल्यात?"

पेल यांचे लक्ष फळीवर होते. ते जवळ आले आणि चिरेवर त्यांनी नख टेकवले. जरासे दाबले. मग ते हसू लागले. त्या हसण्याने मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

"चीर," ते म्हणाले. "तुम्ही माझा कागद वर्गासमोर धरलात. मेलेली रेघ म्हणालात. आणि शेजारी ही धरलीत. मी अकरा वर्षं ही रेघ काढायचा प्रयत्न करतोय. अकरा वर्षं, रोज सकाळी! ही थॅचरची निघाली असती तर निदान तुमच्याकडून हरलो नाही एवढं तरी—"

"मी तेरा वर्षं करतेय," लव्हिनियाबाई म्हणाल्या. "अजून जमलेली नाही."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. त्या नजरेत माया नव्हती. फळीच्या दोन बाजूंना उभी राहिलेली, एकाच जागी ठेच लागलेली ती दोन माणसे होती.

"तुझी रेघ मेलेलीच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "पण ते तुला सांगायला मी चुकीचं उदाहरण धरलं. चल, नीघ."

पेल यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ते गेले.

मिस ऑर्डवे यांनी पुस्तिका मिटली. "मिस क्रॉवेल, या दोरावर मी दोन परिच्छेद लिहिलेत. छापून झालेत."

"लिहिलेत तुम्ही, वाचले मी, मान डोलावली मी. निम्मी चूक तुमची धरा."

"हे एक चित्र मला घेता येणार नाही. त्याखाली काय लिहू?"

"खरं लिहा."

"खरं लिहिलं की लोक ते बघायला येत नाहीत," मिस ऑर्डवे कोरडेपणाने म्हणाल्या. "बाकीचं काम तुमच्या हाताचं आहे ना?"

"वाईट असेल ते सगळं माझ्या हाताचं."

मर्सीबाईंनी ठराव मागे घेतला नाही. त्यांनी मत घेतले आणि बाजूने हात वर केला, एकटीने. बाकीचे हात विरुद्ध गेले. मग त्यांनी वेंडेलच्या खोट्या सहीचा कागद उचलला, चौघडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. तो मागायचे धैर्य कुणाला झाले नाही.

सहा वाजता दारे उघडली. फुर्तादोने वाकडा खिळा उपटून भोक बुजवले. 'मिठाच्या वखारी'खालची पाटी लव्हिनियाबाईंनी स्वतः बदलली : 'आकाशातली रेघ लाकडाची. बाकी लव्हिनिया क्रॉवेल.' लोक त्या एका चित्रापुढे सर्वांत जास्त वेळ थांबत होते, हे आव्हिलांनी पाहिले. लव्हिनियाबाईंनीही पाहिले आणि पाठ फिरवली.

प्रदर्शन संपल्यावर आव्हिलांनी पेट्या बांधून घेतल्या, विम्याच्या कागदावर पुन्हा सही केली. चिरेचे चित्र आणि फळी धक्क्यावरच्या खोलीत परत गेली.

बॉस्टनला रवाना झालेली चित्रे : छत्तीस.